मुलांच्या सामन्यात नकोसा निर्णय देताना

चौदा वर्षांखालच्या क्रिकेट सामन्यात तुम्ही पंच असाल, तर वाद बहुतेकदा नाणेफेकीआधीच टाळता येतो. खेळपट्टीवरची मॅट नीट ताणली आहे का, खिळे वर आलेत का ते बघा. यष्टींपासून पॉपिंग क्रीज (फलंदाजाची रेघ) 1.22 मीटरवर हवी, टेपने मोजा. गोव्यात डिचोली-पेडण्याकडच्या तांबड्या मातीत चुन्याची रेघ थोड्याच षटकांत पुसली जाते. पाण्याच्या विश्रांतीत ती पुन्हा मारून घ्या, कारण रेघच दिसत नसेल तर धावबाद कुणाला पटणार? बॅट रेघेवर असेल तर फलंदाज बाद, रेघेपलीकडे, यष्टींच्या बाजूला टेकलेली असेल तरच वाचला, हेही दोन्ही कर्णधारांना तेव्हाच सांगा.

सगळ्यात जास्त ओरडा पायचीतवर (एलबीडब्ल्यू) होतो. प्रश्न याच क्रमाने विचारा: टप्पा लेग (फलंदाजाच्या पायांकडच्या) यष्टीबाहेर पडला का? बॅटची कड आधी लागली का? चेंडू पायाला यष्टींच्या रेषेत लागला का? (ऑफ म्हणजे दुसऱ्या टोकाच्या यष्टीबाहेर लागला असेल, तर मुलाने खरोखर फटका खेळायचा प्रयत्न केला होता का?) आणि शेवटी, चेंडू यष्टींवर गेला असता का? एकाही ठिकाणी शंका आली तर नाबाद. उजव्या हाताचा गोलंदाज ओव्हर द विकेट (टाकणारा हात यष्टींकडे ठेवून) टाकतो आणि समोर डावखुरा असतो, तेव्हा पहिल्याच प्रश्नावर बरीच अपिलं संपतात. मॅटवर चेंडू उसळतो, त्यामुळे मांडीवर लागलेला चेंडू सहसा यष्टींवरून जातो. मोठ्या मापाचे पॅड घातलेल्या लहानग्याच्या बाबतीत इथेच फसगत होते: पॅडचा वरचा भाग मांडीवर आलेला असतो आणि आपण तो गुडघा समजतो. पॅडकडे न बघता उंची यष्टींशी ताडून पाहा.

अपील झाल्यावर दोन सेकंद थांबा. मनात चेंडू पुन्हा बघा, मग बोट सरळ वर करा किंवा मोठ्याने ‘नाबाद’ म्हणा. अर्धवट वर गेलेलं बोट म्हणजे भांडणाला आमंत्रण.

कमरेवरच्या फुलटॉसचा (टप्पा न पडता आलेल्या चेंडूचा) नो-बॉल फलंदाजाच्या कमरेवरून ठरतो, तीही तो क्रीजवर ताठ उभा असताना. अकरा वर्षांच्या पोराची कंबर आपल्या मांडीएवढ्या उंचीवर असते, आणि तो वाकतो तेव्हा अंदाज हमखास चुकतो. फलंदाजाच्या बाजूला, स्क्वेअर लेगला उभ्या पंचाशी खूण आधीच ठरवून ठेवा.

गोलंदाजाने चेंडू टाकण्याआधीच नॉन-स्ट्रायकरला (त्याच्या टोकाच्या फलंदाजाला) धावबाद केलं की पालक हमखास खवळतात. भारताच्या विनू मांकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला 1947 मध्ये सिडनीत असं बाद केलं, तेव्हापासूनचा हा वाद. ऑक्टोबर 2022 पासून मात्र क्रिकेटच्या नियमावलीत हा प्रकार अनुचित खेळाच्या कलमात नाही, धावबादच्या 38व्या कलमात आहे. चेंडू एरवी हातातून सुटला असता त्या क्षणाआधी मूल क्रीजबाहेर होतं, बेल्स पडल्या आणि अपील झालं, तर ते बाद. ‘अपील मागे घेतोस का रे?’ असं कर्णधाराला स्वतःहून विचारू नका. लहान मुलावर ते ओझं टाकणं अन्याय आहे.

बाद झालेलं मूल रडेल. त्याला समजावायला जाऊ नका, त्याचा प्रशिक्षक आहे. आपली चूक लगेच ध्यानात आली तर निर्णय जरूर बदला, पण काजूच्या झाडाखालून ‘आऊट ना रे!’ ऐकू आलं म्हणून बदलू नका. प्रशिक्षक तावातावाने आत आला तर, ‘सर, सामना संपल्यावर बोलूया,’ एवढंच म्हणा. खिशातल्या वहीत षटक, चेंडू आणि टप्पा कुठे पडला ते तेव्हाच टिपा. संध्याकाळी अहवाल लिहिताना ते आठवत नाही.