जुनी रेसिंग कार्ट पुन्हा उभी करताय? या चुका टाळा

जुनी कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, हाती आली की पहिली घाई असते ती रंग खरवडण्याची. तिथेच थांबा. रंगाच्या थरांखाली, सीटच्या पट्ट्यांजवळ, मागच्या एक्सलच्या बेअरिंगपाशी तिची ओळख दडलेली असते. कुठे ठोकलेला नंबर असतो, कुठे स्टिकरचा उरलेला कोपरा, कुठे मूळ रंगाचा एखादा ठिपका. सॅण्डब्लास्टिंगचा (रंग काढायला वापरतात त्या वाळूच्या फवाऱ्याचा) जोरदार मारा हे सगळं पुसून टाकतो, आणि मग ती कोणाची, कोणत्या सालची हे सांगायला काहीच उरत नाही. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि फ्रेमच्या नळ्यांचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहून ठेवा.

ओळख पटण्याआधी पार्ट मागवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आर्ट इंगल्सने 1956 साली कॅलिफोर्नियात पहिली कार्ट बनवली तेव्हा खास कार्टसाठी असं इंजिनच नव्हतं. त्याने गवत कापायच्या यंत्राचं वेस्ट बेंड कंपनीचं इंजिन बसवलं. यांत्रिक करवतीच्या इंजिनावरून घडवलेलं मॅककलॉक एमसी-10 हे कार्टचं इंजिन आलं 1959 साली. त्यामुळे 1958 च्या फ्रेमवर एमसी-10 दिसलं तर ते नंतर चढवलेलं आहे एवढं नक्की. माझ्या मते ते काढून टाकायची गरज नाही, त्या काळीही लोक इंजिनं बदलतच होते. पण 1960 च्या दशकातल्या कार्टला नंतरच्या काळातले प्लॅस्टिकचे साइडपॉड (दोन्ही बाजूंची आवरणं) किंवा यामाहाचं केटी100 इंजिन लावलं, तर काळाचा मेळच बसत नाही. सीआयके ही कार्टिंगची आंतरराष्ट्रीय संस्था 1962 साली स्थापन झाली. तिच्या होमोलोगेशनच्या (शर्यतीसाठी अधिकृत मान्यतेच्या) जुन्या कागदांत इंजिनांचे फोटो आणि मापं असतात. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा त्यांच्यावर भरवसा ठेवा.

इंच आणि मिलिमीटरची गल्लत

अमेरिकन कार्ट इंचात, इटालियन मिलिमीटरमध्ये. एक इंची एक्सल म्हणजे 25.4 मि.मी.; त्यावर 25 चं बेअरिंग चढतच नाही, म्हणून ही चूक लगेच कळते. उलट केलं तर घात होतो. 25 च्या एक्सलवर एक इंची बेअरिंग आरामात सरकतं, स्क्रू आवळले की घट्टही वाटतं, आणि धावताना ती 0.4 मि.मी.ची फट एक्सल खात राहते. बोल्टचंही तेच. 5/16 इंचाच्या आट्यात 8 मि.मी.चा बोल्ट सुरुवातीला हाताने जातो, मग अडकतो. तिथे पान्याने जोर लावलात तर अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसचे (इंजिनाच्या खालच्या कवचाचे) आटे गेलेच म्हणून समजा. चेन घेताना पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, मोजा. जुनी 35 नंबरची चेन 9.525 मि.मी. पिचची, नंतरची 219 नंबरची 7.774 ची. एकीची चेन आणि दुसरीचं स्प्रॉकेट (दातेरी चक्र) असा संसार चालत नाही.

फ्रेम

कार्टला सस्पेन्शन नसतं, ते काम फ्रेमची लवचीकता करते. म्हणून चीर दिसली की वर जाड पट्टी ठोकून वेल्डिंग करणं चुकीचं. फ्रेम तिथे ताठ होते आणि पुढची चीर पट्टीच्या कडेला पडते. फ्रेम उलटी करून खालच्या नळ्या पाहा. वर्षानुवर्षं ट्रॅकवर घासून त्या खालून सपाट आणि पातळ झालेल्या असतात. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची नळी जोडा. पावडर कोटिंग त्यानंतर. आधी केलंत तर सगळ्या चिरा त्याखाली झाकल्या जातील.

इंजिन चालतं, पण बिघडतंय

थ्रॉटल सोडला तरी वेग उतरत नाही? लगेच कार्ब्युरेटरच्या सुया (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे स्क्रू) फिरवू नका. क्रँकचे जुने सील कडक होऊन हवा ओढतात, मिश्रण पातळ होतं, टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर येणारं तेलही कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. सील नवे बसवा, क्रँककेसची प्रेशर टेस्ट करा, मग सुयांना हात लावा. इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर टिलोट्सन कंपनीच्या कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) बोटाने दाबून पाहा. तो मऊ हवा. कागदासारखा खडखडला तर बदला. गॅस्केट लावताना क्रँककेसकडून कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या पंपाकडे जाणारं बारीक भोक झाकलं जात नाही ना, हेही बघा. ते बंद झालं की पंपाला हवेचे ठोके मिळत नाहीत आणि पेट्रोल ओढलंच जात नाही. स्पार्क प्लग बदलताना आट्यांची लांबी जुन्याशी जुळवा, लांब प्लग पिस्टनवर आदळतो.

चाकं

दोन भागांच्या रिमचे बोल्ट सोडण्याआधी टायरमधली हवा पूर्ण काढा. भरलेल्या टायरची रिम बोल्ट निघताच उडून तोंडावर येऊ शकते. मॅग्नेशियमच्या रिमला ग्राइंडर लावू नका. तिचा भुसा पेट घेतो आणि त्या आगीवर पाणी टाकलं तर ती आणखी भडकते. त्या काळचे मूळ टायर सापडले तर जपा, पण कार्ट नुसती मांडून ठेवायची असेल तेव्हाच चढवा. धावण्यासाठी त्याच मापाचं नवं रबर घ्या.