पेन्सिल शिकणाऱ्याच्या हातात

कोपरखैरण्याच्या मराठी शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवते आहे. वर्गात ४८ मुलं. निम्म्यांचे वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, मूळ गाव सातारा नाहीतर सांगली. काही मुलं बोनकोडे आणि कोपरखैरणे गावातली, आगरी. तीन-चार उत्तर प्रदेशातून आलेली. तास ३५ मिनिटांचा. प्रत्येकाला एक मिनिट द्यायचं म्हटलं तरी हिशेब बसत नाही. म्हणून 'जोडीचा तास' सुरू केला. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, मुलांनी मुलांना शिकवायचं. तुम्हाला करायचा असेल तर माझ्या चुकांपासून सुरुवात करा, त्यातच शिकण्यासारखं जास्त आहे.

पहिल्या वर्षी मी वर्गातल्या पहिल्या आठ मुलांना 'छोटे सर' आणि 'छोट्या बाई' केलं. आठवड्याभरात एकाच्या हातात पट्टी आली. दुसरा स्वतःची वही पुढे सरकवून "घे, उतरव" म्हणायला लागला. खालच्या बाकावरची पोरं कायम शिकणारी आणि पुढची कायम शिकवणारी. मुलांना हे असलं लगेच कळतं. एक मुलगा मला म्हणाला, "बाई, आमचा ढ गट ना?" त्या दिवशी तो प्रकार बंद केला.

तेव्हापासून शिकवणारा मी निवडते तो हुशार म्हणून नाही, तर ती गोष्ट त्याला नुकतीच जमली म्हणून. समच्छेद ज्याला जन्मजात येत असल्यासारखा येतो, त्याला समोरचा कुठे अडला ते दिसतच नाही. "अरे सोपंय की" एवढंच तो म्हणतो. मागच्या मंगळवारी जी मुलगी लसाविवर रडली आणि शुक्रवारी जिला तो सुटला, ती उत्तम बाई होते. तिला खड्डा कुठे आहे ते माहीत असतं. यामुळे आणखी एक होतं: प्रत्येकाची कधी ना कधी पाळी येते. अपूर्णांकात मागे असलेला मुलगा वजन-मापात, पैशाच्या हिशेबात पुढे असतो. वडिलांबरोबर कांद्याच्या गाळ्यावर गेलेलं पोर किलो आणि क्विंटल मला समजावू शकेल.

शिकवण्याआधी मात्र चाचणी हवी. हा धडा मला महागात पडला. एका वर्षी एका मुलानं गुणाकारातली तिरकी काटाकाटी बेरजेत आणली. २/३ + ३/५ मधले दोन्ही ३ कापले आणि उत्तर २/५. आत्मविश्वास असा, की त्याच्या जोडीदारानं पुढच्याला सांगितलं, त्यानं आणखी पुढच्याला. आठवड्यात अर्धा वर्ग कापाकापी करत होता. मग फळ्यावर एवढंच विचारलं: दोन्ही अपूर्णांक अर्ध्यापेक्षा मोठे, मग बेरीज अर्ध्यापेक्षा लहान कशी झाली? वर्ग एकदम गप्प. खरं उत्तर १९/१५. आता नियम असा आहे की शिकवायला बसणाऱ्यानं आधी माझ्यासमोर तीन उदाहरणं सोडवायची, त्यातलं एक तोंडानं बोलत. मधल्या सुट्टीत पाच मिनिटांत होतं.

आता जोडी बसली की काय करायचं. माझ्या वर्गाच्या भिंतीवर चार ओळींचा कागद आहे, चौथी ओळ मुलांनीच घातलेली:

पेन्सिल शिकणाऱ्याच्या हातात.
"समजलं का?" विचारायचं नाही.
चूक दिसली तर मनात पाचपर्यंत मोजायचं.
हसणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी शिकणारा व्हायचं.

पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात अवघड. ज्याला येतं त्याचा हात आपोआप पुढे जातो. मोठ्या माणसांचाही जातो. माझ्या मुलीला मोबाइलमधलं काही विचारलं की ती फोनच हिसकावून घेते आणि मला पुढच्या वेळी तितकंच येत नसतं. शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधायचे. गंमत वाटते मुलांना, पण त्यामुळे बोलावं लागतं, आणि बोलताना आपल्याला कुठलं धड कळलेलं नाही ते त्याचं त्यालाच सापडतं.

"समजलं का?" ला उत्तर एकच असतं, "हो". त्याऐवजी "आता तू मला सांग" किंवा "हेच आकडे बदलून कर". पाच मोजण्याचं कारण असं की निम्म्या चुका मुलं स्वतःच दुरुस्त करतात, आपण थांबलो तर. पाच झाल्यावरही अडलं तर "परत वाच" म्हणायचं. तरी नाही जमलं, तर शिकवणाऱ्यानं दुसरं, सोपं उदाहरण स्वतःच्या पाटीवर करून दाखवायचं, समोरच्याचं नाही. आणि तरीही नाही, तर दोघांनी हात वर करायचा. मग मी.

भाषेत मी पडत नाही. पुस्तकात 'छेद समान करून घ्या' असतं. जोडीत ऐकू येतं, "आधी खालचं सारखं कर की, मग वरच्याला हात लाव." माझ्या पंधरा मिनिटांचं काम त्या एका वाक्यानं केलेलं मी पाहिलंय. हिंदी बोलणाऱ्या मुलाला जोडीदार अर्धं हिंदीत सांगतो, चालतं.

वाचनाच्या जोडीला वेगळी रीत: दोघांनी एकाच पुस्तकातून एकत्र, मोठ्यानं वाचायचं. कच्च्याला एकट्यानं वाचावंसं वाटलं की त्यानं बाकावर टकटक करायची, दुसऱ्यानं थांबायचं. शब्द अडला तर शब्द सांगायचा, पुन्हा एकत्र. 'तुला कसं येत नाही' याला जागाच राहत नाही.

तोवर बाई काय करतात? वहीतपासणी नाही. मी बाकांमधून फिरते आणि फक्त ऐकते. कानावर आलेली चुकीची समजूत डायरीत, दुसऱ्या दिवशी फळ्यावर, नाव न घेता. मुलांवर सोपवून ऑफिसात जाऊन बसलात तर तो दोनशे वर्षांपूर्वीचा प्रकार होईल. आपल्या पंतोजींच्या शाळेत मोठी पोरं धाकट्यांकडून धुळाक्षरं गिरवून घेत. मद्रासच्या अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल यानं तिथल्या देशी शाळेत वाळूत लिहिणारी मुलं पाहिली, ती रीत उचलली, मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतलं आणि १७९७ साली त्यावर लंडनात पुस्तिका छापली. पुढे जोसेफ लँकेस्टरनंही इंग्लंडात एका मास्तरावर शेकडो मुलं सांभाळणारी शाळा चालवली. पण मोठं आकर्षण स्वस्ताईचं होतं, आणि मॉनिटर, म्हणजे शिकवायला बसवलेली ती पोरं, घोकंपट्टीपलीकडे फारसं काही नेऊ शकत नव्हते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलांनी मुलांना शिकवण्याचा उल्लेख आहे, पण ऐच्छिक, आनंदानं आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली. शेवटचे शब्द लोक वगळतात.

जोड्या लावायला वेळच नसेल तर दहा मिनिटांचा प्रकार आहे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून तो कॉलेजात करत आले, मी सहावीत करते. प्रश्न: ०.४५ मोठा की ०.५? डोळे मिटून बोटं दाखवायची, पहिल्यासाठी एक, दुसऱ्यासाठी दोन. मग वेगळं बोट दाखवणाऱ्या शेजाऱ्याला दोन मिनिटांत पटवायचं. पुन्हा बोटं. पहिल्याच बोटांत जवळजवळ सगळे बरोबर असतील तर चर्चेत वेळ घालवू नका. जवळजवळ सगळेच चूक असतील तरीही नको, कारण पटवणार कोण? तेव्हा खडू उचलायचा. बरोबर आणि चूक, दोन्हीकडे गर्दी असेल तेव्हाच चर्चा.

कॉलेजचं मला ऐकून माहीत. माझी मुलगी नेरुळला इंजिनीअरिंगला आहे. तिच्याकडे आधी 'केटीवाल्यांचा', म्हणजे विषय राहिलेल्यांचा, 'जादा तास' होता, कोणी फिरकायचं नाही. कपाळावर शिक्का मारून घ्यायला कोण येईल? मग मुलांनी त्याचं नाव 'एम-टू चा कट्टा' केलं (एम-टू म्हणजे गणिताचा दुसरा पेपर), सगळ्यांना खुला. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीच्या आवारात १९७३ पासून हेच तत्त्व आहे: कच्चा विद्यार्थी शोधायचा नाही, अवघड विषय शोधायचा. तिथे शिकवणारा सीनियर पुन्हा त्या लेक्चरला जाऊन बसतो. मुलीच्या कट्ट्यावर ते जमत नाही, निदान या वर्षीच्या वह्या तरी बघून या, असं मी तिला सांगितलं. प्राध्यापक बदलला की पद्धत बदलते.

पालक येतील. एक वडील मार्केटातून थेट आले होते, खांद्यावर टॉवेल. "बाई, पगार तुम्हाला, आणि माझी पोरगी का शिकवती?" रास्त प्रश्न. मी वाद घातला नाही, पोरीच्या दोन वह्या समोर ठेवल्या, शिकवायला लागण्याआधीची आणि नंतरची. नंतरच्या वहीत प्रत्येक पायरीपुढे 'का' लिहिलेलं होतं, कारण जोडीदार विचारतो म्हणून. ते बराच वेळ पानं उलटत बसले. पुढच्या सभेला त्यांनी दुसऱ्या एका वडिलांना धरून आणलं.

सुरुवात जूनमध्ये करू नका, मुलं अजून एकमेकांना जोखत असतात. मी गणपतीनंतर करते. आणि पहिल्या दिवशी जोड्या लावत नाही. मी स्वतः पहिल्या बाकावर शिकणारी होऊन बसते, मुद्दाम चुकते, आणि एका मुलीला किंवा मुलाला शिकवायला बोलावते. यंदा आलेल्या पोरीला मी मदत म्हणून पेन्सिल पुढे केली. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाली, "बाई, मला कशाला देताय? लिहा तुम्ही."