पायलट घड्याळ निवडताना

केसचा (घड्याळाच्या मुख्य डबीचा) व्यास सगळेच विचारतात. मी आधी पट्टी घेऊन वरच्या लगपासून (लग म्हणजे पट्टा अडकवायचे कान) खालच्या लगपर्यंतची लांबी मोजतो. माझं मनगट बारीक आहे. लग बाहेर डोकावले की घड्याळ कितीही देखणं असो, बाद!

मग डायल. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन नॅव्हिगेटरांची घड्याळं ५५ मिलिमीटरची होती, जॅकेटच्या बाहीवरून बांधायची. लाको आणि स्टोवा या कंपन्या आज तीच धाटणी लहान आकारात देतात. टाइप ए मध्ये तासांचे आकडे ठळक. टाइप बी मध्ये कडेला मिनिटं आणि तास आतल्या छोट्या वर्तुळात. बी दिसायला भारी, पण रोजच्या वापराला मी ए च सुचवेन.

एकच घड्याळ घ्यायचं असेल तर २०२२ सालचं आयडब्ल्यूसी मार्क २० बघा: ४० मिलिमीटर, एकदा पूर्ण चावी भरली की १२० तास. शुक्रवारी रात्री काढून ठेवा, सोमवारी चालूच असतं. पाण्यात उतरणाऱ्यांनी २०० मीटरचं झिन १०४ घ्यावं.

ब्राइटलिंग नॅव्हिटायमर (१९५२ पासून) गणिताची हौस असलेल्यांसाठी. डायलभोवतीची फिरणारी कडी (बेझल) आणि आतली स्थिर कडी, दोन्हींवरचे आकडे समोरासमोर आणून हिशेब करता येतात. वेग ९० नॉट (तासाला ९० सागरी मैल) असेल तर बाहेरचा ९० आतल्या ६० समोर आणा. आता आतल्या २० मिनिटांसमोर ३० सागरी मैल दिसतील. बाकीची उत्तरंही तिथेच, बेझल हलवायची गरज नाही. फक्त डायल गजबजलेला असतो, चष्मेवाल्यांनी आधी हातात घेऊन बघावं.