आधी आवक, मग बेत: नाशिकच्या बाजारातून आठवड्याचा स्वयंपाक

आठवड्याच्या भाज्या घरी बसून ठरवायच्या आणि मग यादी घेऊन बाजारात जायचं, ही बहुतेक घरांची पद्धत. ती उलटी करा. आधी बाजारात कशाची आवक आहे ते पाहा, बेत नंतर ठरवा. पैसे वाचवायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. शिवाय ज्या भाजीची आवक जास्त ती त्या हंगामाची, ताजी आणि जवळच्या शेतातली असते, म्हणजे चवही आपोआप मिळते.

मी पंचवटीत एका आडतीच्या गाळ्यावर हिशेब लिहायचो. वजन, भाव, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती), यातच सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर घरचा बाजार माझ्याकडे आला. घरात आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं. मुलगा अंबडच्या कारखान्यात पाळीला जातो, सूनबाई शाळेत शिकवते, त्यामुळे सकाळी सातच्या आत दोन डबे तयार लागतात. हे सांभाळून जे जमतं तेच इथे लिहितो आहे.

भाव वाचायला शिकणं ही पहिली पायरी. वर्तमानपत्रात बाजारभावाचा रकाना असतो आणि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे दर मिळतात. तिथे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे क्विंटलचे असतात. सर्वसाधारण दराला शंभराने भागलं की किलोचा घाऊक भाव निघतो. १८०० रुपये क्विंटल म्हणजे १८ रुपये किलो. टोमॅटोचा भाव आपल्याकडे २० किलोच्या जाळीवर, म्हणजे क्रेटवर, बोलतात. जाळी ३०० ला गेली असेल तर किलो १५ ला पडला. मेथी, कोथिंबीर, शेपू या जुड्यांचा भाव शेकड्यावर असतो, १२०० रुपये शेकडा म्हणजे १२ रुपयांची जुडी.

या घाऊक भावाच्या दीडपट ते दुप्पट किरकोळ भाव मी रास्त मानतो. विक्रेत्याला गाडीभाडं आहे, घट आहे, रात्री उरलेली पालेभाजी जनावरांना घालावी लागते. दुपटीच्या वर भाव गेला की ती भाजी त्या आठवड्यात घ्यायचीच नाही, दुसरी कुठलीतरी स्वस्त असतेच. मात्र पाटी घेऊन जमिनीवर बसलेल्या मावशीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. ती जुडी खुडायला पहाटे वाकलेली कंबर मी गाळ्यावरून रोज पाहिली आहे.

आता भाव कशाने हलतात ते. आपल्याकडचा भाजीपाला लिलाव झाला की त्यातला मोठा हिस्सा रातोरात गाड्यांमध्ये भरून मुंबईला जातो. म्हणून नाशिकचा भाव बऱ्याच अंशी वाशीच्या घाऊक बाजारातल्या मागणीवर चालतो. कसारा घाट बंद पडला, मुंबईत पाणी तुंबलं किंवा ट्रकवाल्यांचा संप झाला की माल इथेच अडकतो आणि एक-दोन दिवस पालेभाजी पडेल भावाने मिळते. उलट आपल्याच तालुक्यांत चार दिवस झड लागली तर शेतात पाय ठेवता येत नाही, कोथिंबीर जागेवर सडते आणि पाऊस उघडल्यावरही आठवडाभर ती महागच राहते. बातम्या ऐकताना हे डोक्यात ठेवलं की उद्याचा भाव साधारण कळतो.

सणांचंही तसंच आहे. आषाढी एकादशीच्या तोंडावर रताळी, शेंगदाणे आणि भगर घ्यायला गर्दी उसळते, म्हणून उपासाचा कोरडा जिन्नस आम्ही पंधरा दिवस आधीच भरतो. पितृपक्षात गवार, कारली, भेंडी, डांगर (लाल भोपळा), अळूची पानं हे सगळं नैवेद्याला लागतं आणि नेमकं तेव्हाच चढतं. घरचं श्राद्ध असेल त्या दिवसापुरतं पाव-पाव किलो घ्या, बाकी पंधरवडा दोडकी, गिलकी (घोसाळी), वांगी आणि कडधान्यावर काढा.

बाजार कुठे करायचा? गंगेवरचा बुधवारचा बाजार माझ्या मते अजूनही सगळ्यात चांगला. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, बाहेरून नव्याने आलेल्यांसाठी सांगितलं. नाशिकरोडकडच्या मंडळींना देवळाली गावातला सोमवार बाजार जवळ पडतो. रोजच्यासाठी आकाशवाणी टॉवरजवळचा बाजार, सिडकोत पवननगर, इकडे गणेशवाडी आणि भद्रकाली आहेतच. पण आठवडे बाजाराची गंमत अशी की तिथे आसपासच्या खेड्यांतली माणसं स्वतःचा माल घेऊन येतात. ज्याच्याकडे एक-दोनच जिनसा आहेत, भाजीला माती आहे, आकार लहानमोठा आहे, तो बहुधा स्वतः पिकवणारा. त्याला विचारा, "दादा, पुढच्या आठवड्यात काय निघणार?" तो मनापासून सांगतो आणि पुढच्या आठवड्याची अर्धी आखणी तिथेच होते.

पालेभाजी सकाळी घ्यावी, फळभाजी संध्याकाळी. अंधार पडता पडता आवरायची घाई सुरू होते तेव्हा वांगी, दुधी, काकडी, डांगर वाट्याने स्वस्त लावतात आणि या भाज्या सकाळच्या असल्या तरी काही बिघडत नाही. मेथी-पालक मात्र दिवसभर पाणी मारून मारून सडायला टेकलेला असतो. जुडी हातात घेतली की बाहेरून बघू नका, मधोमध बोट घालून पाहा. आत गरम लागलं किंवा बोटाला चिकट आलं तर ती जुडी रात्रभरात काळी पडणार.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आलं की घाटावर दुकानं लागत नाहीत. तो आठवडा मूग, मटकी, वाल, पिठलं आणि उडदाच्या घुट्याचा.

आणलेल्या भाजीचा बेत लावताना आमच्या घरी एकच नियम आहे. जे लवकर कोमेजतं ते आधी शिजतं. जानेवारीतला आठवडा सांगतो, तेव्हा बाजार सगळ्यात भरलेला असतो. बुधवारी मेथी, हरभऱ्याची कोवळी भाजी, पातीचा कांदा, वालपापडी, वांगी, गाजरं, मटार, कोबी आणि डांगराची एक फोड येते. त्याच रात्री हरभऱ्याची भाजी, लसूण घालून, गरम बाजरीच्या भाकरीबरोबर. गुरुवारी डब्यात मेथीचे पराठे आणि रात्री मेथीचीच डाळभाजी. शुक्रवारी पातीचा कांदा पीठ पेरून. शनिवारी वालपापडी-वांगं. रविवारी सगळे घरी असतात तेव्हा मटार सोलायला नातवंडं बसतात आणि काळ्या मसाल्यातला रस्सा होतो. सोमवारी कोबी. मंगळवारी डांगर किंवा मटकीची उसळ. मटकी रविवारी रात्री भिजत घातली, सोमवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधली की मंगळवारच्या डब्याला मोड तयार असतात. भोगी आली की वेगळं काही आणावंच लागत नाही. या सगळ्याची उरलेली मूठ-मूठ, ओला हरभरा, बोरं, गाजर आणि तिळाचं कूट, अशी ती भाजी होते.

मेथी निवडताना कोवळी देठं फेकू नका, बारीक चिरून डाळीत जातात. फ्लॉवरचा कोवळा पाला आणि मुळ्याचा पाला, दोन्हींची भाजी होते. पैसे देऊन आणलेल्या मालातला मोठा भाग असा कचऱ्यात गेला तर स्वस्त भावाचा उपयोग काय?

टोमॅटोचा आपला हंगाम ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत. पिंपळगाव, गिरणारे इथे जाळ्यांच्या रांगा लागतात आणि मधल्या काळात कधी कधी भाव इतका पडतो की शेतकऱ्याचा तोडणीचा खर्चही निघत नाही. त्या आठवड्यांत आमच्याकडे अख्खी जाळी येते. निम्म्याचं सार, चटणी, भरीत. उरलेले उकडून, साल काढून, गाळून, आटवून बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये. बाटली काठोकाठ भरायची नाही, गोठताना रस फुगतो. मार्च-एप्रिलमध्ये द्राक्षांच्या घडांतून गळालेले मणी स्वस्तात मिळतात. ते त्याच दिवशी धुऊन खायचे किंवा सरबताला वापरायचे.

नैसर्गिक अन्नाबद्दल लोक मला बरंच विचारतात. पाकीटबंद सेंद्रिय माल घेणार असाल तर 'जैविक भारत'चं चिन्ह पाहा, नुसत्या हिरव्या पाकिटावर जाऊ नका. पण खरा नैसर्गिक माल बघायचा असेल तर जून ते सप्टेंबर बाजारात फिरा. पेठ, हरसूल, सुरगाणा, त्र्यंबक या भागांतल्या आदिवासी बाया डोंगरातल्या रानभाज्या घेऊन येतात. ना कुणी पेरलेल्या, ना कुणी फवारलेल्या. पहिल्या पावसानंतर शेवळं, मग टाकळा, कुर्डू, चाईचा मोहोर, भारंगी, काटवलं (कर्टोली). ऑगस्टमध्ये कृषी विभागाचा रानभाजी महोत्सवही भरतो, तिथे कुठली भाजी कशी करायची ते करणाऱ्या बायाच सांगतात.

या भाज्यांना नेहमीची फोडणी देऊन चालत नाही, प्रत्येकीची रीत वेगळी. शेवळाच्या आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकावा लागतो आणि शिजवताना काकड नावाच्या रानझाडाची आंबट फळं किंवा चिंच घालावीच लागते, नाहीतर घसा खाजतो. हे काम हिने हरसूलच्या एका मावशीकडून समोर बसून शिकून घेतलं आहे. कुर्डू आणि टाकळा अगदी कोवळाच घ्यावा. टाकळा मूगडाळीबरोबर चांगला लागतो. काटवलं काटेरी, हिरवीगार आणि घट्ट पाहून घ्या, पिवळी पडलेली नकोत. बिया कोवळ्या असतील तर तशाच राहू द्या, काचऱ्या करून तेलावर परतल्या की कुरकुरीत होतात. काटवलं महाग असतात हे खरं, पण त्यांचा हंगाम थोडक्यात आटपतो आणि ती गोळा करायला माणूस काट्याकुट्यांतून दिवसभर हिंडलेला असतो, तेव्हा आठवड्यातून एकदा ती आमच्याकडे येतातच. जी भाजी ओळखीची नाही ती विकणाऱ्या बाईला नीट विचारल्याशिवाय शिजवू नका आणि स्वतः डोंगरात जाऊन अंदाजाने तर मुळीच तोडू नका.

याच बायांकडे दिवाळीनंतर नवी नागली, म्हणजे नाचणी, मिळते. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, वाढत्या मुलांच्या घरात ती असायलाच हवी. नातवंडांना भाकरी नको असते म्हणून सूनबाई नागलीचं धिरडं करते, ताकात भिजवून, वरून तीळ.

धान्याचं गणित वर्षाचं असतं. गहू एप्रिल-मेमध्ये, नवा निघाल्यावर. घोटीचा तांदूळ जानेवारीच्या आसपास, पण नवा तांदूळ चिकट होतो म्हणून निम्मा मागच्या वर्षीचा हाताशी ठेवतो. मिरची आणि मसाल्याचे जिन्नस उन्हाळा लागताना, म्हणजे ऊन देऊन लगेच मसाला कुटून होतो.

तेल, साखर, चहा, साबण यांना हंगाम नाही, तेवढ्यासाठीच मॉलच्या सवलती बघाव्यात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि दिवाळीच्या आगेमागे त्या जास्त लागतात. मोठं पाकीट स्वस्तच असेल असं धरू नका. पाकिटावर किमतीबरोबर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भावही छापलेला असतो, दोन पाकिटांचे तेच आकडे ताडून बघा. 'एकावर एक' असेल तर आधी मुदतीची तारीख वाचा.

शेवटी कांदा, कारण नाशकात राहून पावसाळ्यात चढ्या भावाने कांदा घ्यायची वेळ येऊ नये. दिवाळीच्या सुमाराचा लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच घ्यावा. साठवायचा तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मेमध्ये. गोणी घेण्याआधी दहा-बारा कांदे हातात घेऊन मान दाबून पाहा. मान बारीक, वाळलेली आणि घट्ट मिटलेली हवी. मान जाड असेल, दाबली की मऊ लागत असेल तर तो कांदा आतून सडतो. वरचं साल सुकून करकरीत आवाज आला पाहिजे. डेंगळे (फुलाचे दांडे) आलेले, जोडकांदे आणि चिरलेले बाजूला काढायचे, ते आधी संपवायचे. मग उरलेला कांदा बांबूच्या पाटीत किंवा जाळीच्या रॅकमध्ये, दोन-तीन थरांपेक्षा जास्त नाही, वारा खेळेल अशा जागी. बटाट्याशेजारी नको, बटाट्याच्या ओलाव्याने कांद्याला लवकर मोड फुटतात. पाऊस सुरू झाला की दर रविवारी पाटी उलटी करून पाहायची. एक सडका कांदा निघाला तर त्याला लागून असलेलेही बाहेर काढायचे आणि त्या रात्री पिठल्याबरोबर कांद्याची चटणी करायची.