नर्सरीत जाण्याआधी गल्लीत एक चक्कर

नर्सरीत हिरव्या जाळीखाली सगळीच रोपं टवटवीत दिसतात, घरी आणली की मे महिन्यात वाळतात. सोलापूर, लातूर, नगरकडे हे दरवर्षीचंच.

यावर बिनखर्चाचा उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनच्या सुमारास टोपी घालून आपल्याच भागात फिरा. बंगल्यांच्या नीट राखलेल्या बागा बघू नका, तिथे रोज पाणी असतं. बंद घराचं कुंपण, शाळेचं आवार, देवळाचा मागचा भाग, रस्त्याचा दुभाजक, जिथे कुणी लक्ष देत नाही तिथे काय तग धरून आहे ते बघा. मोबाईलवर फोटो काढा आणि नर्सरीत तेच मागा.

आमच्याकडच्या कोरड्या उन्हात बहुतेक वेळा हीच नावं निघतात: बोगनवेल, देवचाफा, कण्हेर, टिकोमा. कोकणात हीच फेरी भर पावसात, जुलैमध्ये मारा. तिथे प्रश्न उन्हाचा नसून मुळाशी साचणाऱ्या पाण्याचा असतो. अबोली, अनंत, सोनटक्का तिथे खुशाल वाढतात. (सोनटक्का सोलापुरात लावायचा हट्ट मी दोनदा केला. असो.)

लागवड पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर करा. जाळीखालचं रोप आणल्या आणल्या उन्हात ठेवू नका, आठवडाभर फक्त सकाळचं ऊन द्या.

कण्हेर मात्र सर्वांगाने विषारी. घरात लहान मुलं किंवा दारात गुरं असतील तर ती वगळा.