मॉडेल कारच्या पोटाखालचा रवाळ थर

१/२४ किंवा १/२५ मापाच्या मॉडेल कारला अंडरकोटिंग, म्हणजे खऱ्या गाडीच्या तळाला गंजापासून वाचवणाऱ्या खरखरीत थराची नक्कल, करताना बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं: दाणा फार मोठा पडतो. हिशेब साधा आहे. खऱ्या थराचा उंचसखलपणा १ ते २ मि.मी. धरला, तर १/२४ मापात तो जेमतेम ०.०४ ते ०.०८ मि.मी. होतो. रंगात ०.१ मि.मी.चे कण घातले की खऱ्या मापात ते २.४ मि.मी.चे खडे होतात आणि गाडीच्या तळाला डांबरी रस्ता चिकटवल्यासारखं दिसतं. बोटाला हलकी खरखर लागावी आणि हातभर अंतरावरून नुसता मॅट काळा दिसावा, इतकाच पोत हवा.

कामाआधी गाडी कोणत्या काळातली ते बघा. जुन्या गाड्यांवर डांबरी थर बॉडी रंगवून झाल्यावर मारत, म्हणून तो सगळीकडे काळाच दिसतो. पूर्ण जुळलेल्या गाडीला गॅरेजमध्ये मारलेला असेल, तर पेट्रोलच्या टाकीच्या कडेवर आणि ब्रॅकेटवरही उडालेला असतो. आताच्या गाड्यांचा पीव्हीसी थर वरच्या रंगाआधी बसतो, त्यामुळे चाकाच्या कमानीत बॉडीचा रंग त्याच्यावर आलेला दिसतो. पावसाळ्याआधी गॅरेजच्या रॅम्पवर चढलेली गाडी खालून पाच मिनिटं न्याहाळा. थर कुठे जाड आणि कुठे संपतो हे फोटोपेक्षा चांगलं कळतं.

चेसिस, म्हणजे मॉडेलचा तळाचा भाग, भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवा. इजेक्टर पिनच्या (साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांच्या) गोल खुणा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा. थराखाली त्या लपतील या भरवशावर राहू नका, खोल खूण हमखास वर दिसते. मग प्रायमरचा एक पातळ हात द्या. बॉडी जिथे बसते त्या कडा २ मि.मी. रुंद मास्किंग टेपने झाका. तिथे पोत चढला तर बॉडी नीट बसत नाही आणि गोंदही धरत नाही. सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट आणि सस्पेन्शनचे भाग वेगळेच रंगवा, नंतर जोडा.

पोतासाठी सगळ्यात हुकमी उपाय म्हणजे तामिया या जपानी मॉडेल कंपनीची करडी बेसिक पुट्टी. लॅकर थिनर थेंबथेंब घालून ती ताकाहून दाट, श्रीखंडाहून पातळ करा. एकदम पातळ झाली तर खाचा भरतात आणि जास्तीचं थिनर प्लॅस्टिकही मऊ करतं. जुन्या राठ ब्रशचे केस ४ मि.मी. ठेवून सरळ कापा. ब्रश पुट्टीत टेकवा, कागदावर बराचसा पुसा, मग चेसिसवर उभा धरून थोपटा. ओढायचा अजिबात नाही. ओढला की रेघा उमटतात. एका वेळी रुपयाच्या नाण्याएवढीच जागा घ्या. ब्रश उचलताना पुट्टीचे तंतू ओढले जाऊ लागले म्हणजे थिनर उडालं, दोन थेंब घाला. टेप पुट्टी अर्धवट ओली असतानाच काढा, नाहीतर कड फाटते. चोवीस तासांनी ६०० नंबरचा पेपर हलकेच फिरवून टोकं मोडा. खिडकी उघडी ठेवा आणि मास्क लावा, लॅकर थिनरचा वास साधा नाही.

खाण्याचा सोडा रंगात मिसळण्याची युक्ती बरेच जण सांगतात. पाण्यावरच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये ती टाळा: सोडा थोडा विरघळतो आणि वाळल्यावर पांढरे स्फटिक वर येतात. त्यापेक्षा टाल्कम पावडर घ्या, ती पाण्यात विरघळत नाही. चार भाग रंगाला एक भाग पावडर पुरे. टाल्क असलेलीच घ्या, मक्याच्या पिठाची नको. आधी जुन्या किटच्या भंगार भागावर करून बघा.

एकसारखा बारीक पोत हवा असेल तर प्रायमरचा कॅन ४० ते ४५ सें.मी.वरून मारा. थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि वाळूसारखे बसतात. दमट, पावसाळी दिवशी मात्र नको. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प जमतं आणि काळ्यावर पांढुरका धुरकटपणा येतो.

रंग शुद्ध काळा नको. तामियाचा नाटो ब्लॅक, एक्सएफ-६९, लहान मापात जास्त खरा वाटतो. चाकाच्या कमानीत थर पातळ ठेवा आणि टायर बसवून फिरवून पाहा, घासत असेल तर आताच कळेल. शेवटी मॅट लॅकरनंतर पेस्टल खडूची पूड चाकामागे आणि कमानीच्या खालच्या कडेला: कोकणातली गाडी असेल तर जांभ्या मातीची तांबूस, देशावरची असेल तर काळसर तपकिरी. सगळ्या तळावर सारखी धूळ लावू नका. चाकांच्या मागे ती जास्त चढते, मध्यभागी कमी.