राज्य नाट्यच्या ऑडिशनला जाताय? या चुका टाळा

ऑगस्ट लागला की व्हॉट्सअॅपवर पोस्टी फिरायला लागतात. 'राज्य नाट्यसाठी कलाकार हवेत. पुरुष ३, स्त्रिया २, काहीतरी तयार करून या.' 'राज्य नाट्य' म्हणजे राज्य सरकारची हौशी मराठी नाट्य स्पर्धा. तिची प्राथमिक फेरी बहुतेक वर्षी दिवाळीच्या मागेपुढे केंद्राकेंद्रांवर सुरू होते, म्हणून ही घाई. मी काही वर्षं टेबलाच्या अलीकडे बसून ऑडिशनं बघतोय. चांगली माणसं हातची जातात ती अभिनय येत नाही म्हणून नाही, भलत्याच कारणांनी.

पहिलं कारण तारखा. 'रोज साडेसात ते दहा जमेल ना?' असं विचारलं की सगळे जोरात मान हलवतात. मग आठवड्याभरात एकेक बाहेर पडतं. गणपती तोंडावर आहेत आणि हा ढोल-पथकात आहे. तिची ऑक्टोबरात परीक्षा आहे. तिसरा दिवाळीला आठ दिवस गावी जाणार, म्हणजे नेमका रंगीत तालमीच्या वेळी. पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांचं तर वेगळंच. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या फेऱ्या याच दिवसांत भरत नाट्य मंदिरात रंगतात, आणि तिकडच्या टीममध्ये असून आमच्याकडे 'जमेल' म्हणून सांगतात. अहो, अडचण आधी सांगितली तर वाट काढता येते. दोन प्रवेशांचं काम असेल तर तालमीही तशा लावता येतात. लपवलीत तर पुढच्या वर्षी तुमचं नाव निघालं की कुणीतरी नुसतं 'हं' म्हणतं. जाण्याआधी कॅलेंडर उघडा, नोव्हेंबरपर्यंतच्या अडलेल्या तारखा कागदावर लिहा आणि तो कागद टेबलावर ठेवा. एवढं केलेला माणूस मला आजवर दोनदाच भेटलाय. दोघांनाही घेतलं.

दुसरं, रडणं. 'तयार करून या' म्हटलं की निम्मे लोक सगळ्यांना पाठ असलेलं एखादं थोर स्वगत उचलतात आणि तिसऱ्या वाक्याला डोळ्यांत पाणी आणतात. ते स्वगत आम्ही त्या दुपारी चौथ्यांदा ऐकत असतो. त्यापेक्षा साधा दीड मिनिटाचा उतारा घ्या: दूधवाल्याशी हिशेबावरून वाद, मुलीला स्टँडवर सोडताना बापाची उगाच चाललेली बडबड.

खरी परीक्षा त्यानंतर असते, समोर कुणाला तरी बसवून संहिता वाचायला देतात तेव्हा. मागे एक गृहस्थ आले होते. बँकेत नोकरी, आवाज असा की खिडकीच्या काचा थरथराव्यात. प्रवेश आजारी वडील आणि मुलाचा. मुलाचं वाक्य, 'अण्णा, पाणी देऊ?' त्यावर अण्णा 'दे' म्हणतात. दिग्दर्शकाने अण्णा वाचणाऱ्याला हळूच खूण केली. तो म्हणाला, 'पाणी नको, आधी दिवा लाव.' मुलगा वाचणाऱ्या या गृहस्थांनी कागदावरचं पुढचं वाक्य खणखणीत म्हटलं: 'घ्या, माठातलं आहे, गार.' खोलीत हशा पिकला, पण त्यांना का ते कळलंच नाही. नजर पूर्ण वेळ आमच्याकडे, अण्णा कुठे बसलेत याचा पत्ता नाही. असं होऊ नये म्हणून एक करा. आपलं वाक्य आधी नजरेखालून घाला, मग मान वर करा आणि समोरच्याचं ऐकून बोला. वाचताना अडखळलात तरी चालतं.

तिथे स्वतःहून पदरची वाक्यं मात्र घालू नका. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर झालेली असावी लागते. जो ऑडिशनलाच वाक्यं वाढवतो तो प्रयोगात काय करील, या विचारानेच दिग्दर्शकाला घाम फुटतो.

आवाजाबद्दल सगळे 'मोठ्याने बोला' एवढंच सांगतात. माझ्या मते रोग दुसराच आहे, वाक्याचं शेपूट गिळणं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' तर त्याच्याही मागे. 'मी उद्या तिकडे येणार नाही' यातलं शेवटचं खाल्लंत, तर मागच्या रांगेला नाटक उलटं कळतं. घरी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि प्रत्येक वाक्याचे फक्त शेवटचे दोन शब्द ऐका. दोष लगेच सापडतो, आठवड्यात सुटतोही.

बोली लपवू नका. कोल्हापूरचा माणूस पुणेरी बोलायला गेला की दोन्हीकडचा राहत नाही. आणि हल्ली संहिताही बोलीतल्या येतात. कपडे साधे आणि हालचालीला मोकळे, इतकं पुरे.

पैशांचं स्पष्ट विचारा. निवड झाल्यावर नेपथ्यासाठी वर्गणी काढणं हौशी संस्थांत चालतं, आम्हीही काढतो. पण ऑडिशनआधीच 'नोंदणी शुल्क' किंवा 'आमच्याकडूनच फोटो काढून घ्या' असं कुणी म्हणालं, तर सरळ घरी या.

फोन आला नाही तर? चार दिवसांनी एकदा विचारा, एकदाच. निवड झाली नसेल आणि संध्याकाळी मोकळ्या असतील, तर प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नट अडला की आडून वाक्य सांगायला, येऊ का म्हणा. दिवाळीच्या आत एक तरी नट बदली होऊन नाहीतर रुसून गळतोच, आणि तोवर त्याची सगळी वाक्यं प्रॉम्प्टरला पाठ झालेली असतात.